जॉब कार्डवर ‘ओके’ लिहिण्यापूर्वी : मोटार कंपन्यांच्या सेवा विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
भारतात मोटारी विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्रीपश्चात सेवा विभागप्रमुख
प्रत माहितीसाठी : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग

सप्रेम नमस्कार.

मी सासवडला राहते, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी आईच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार हडपसरला डायलिसिस. माझी शाळा सकाळची. एक वाजता घरी येते तेव्हा आई तयार होऊन बसलेली असते, दीडला आम्ही निघतो. चार तास ती मशीनवर, मी बाहेरच्या बाकावर वह्या तपासत. परतीला निघेपर्यंत सात वाजतात. डायलिसिस झालं की तिचा रक्तदाब उतरतो, दहा पावलं चालली तरी टेकावं लागतं. एसटीने किंवा पीएमपीने हे होण्यासारखं नाही, म्हणून कर्ज काढून गाडी घेतली. औषधांइतकीच ती आम्हाला लागते.

गाडी आपल्यापैकीच एका कंपनीची आहे. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एका शोरूमशी भांडायला मी बसलेले नाही. शाळेतले सहकारी, रुग्णालयाच्या बाकावर भेटणारे नातेवाईक, सगळ्यांच्या गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. विजेच्या तक्रारीला मिळणारं उत्तर मात्र सगळीकडे तेच : ‘चेक केले, ओके.’

गेल्या नोव्हेंबरातला एक गुरुवार सांगते.

वडकी मागे टाकून आम्ही दिवे घाटाच्या पायथ्याशी आलो होतो. जिथे चढ सुरू होतो तिथेच रांग थांबली. मी गाडी न्यूट्रल केली, क्लच सोडला, इंजिन आपोआप बंद झालं. ते तसं व्हायलाच हवं, ऑटो स्टार्ट-स्टॉप त्यासाठीच दिलेलं आहे. पुढचा ट्रक हलला, मी क्लच दाबला. एकदा ‘टक्’ झालं आणि डॅशबोर्डवरचे दिवे एकदम पेटले : एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, बॅटरी. हेडलाइट पिवळे पडले. किल्ली बंद करून पुन्हा सेल मारला. पुन्हा ‘टक्’. घड्याळ १२:०० वर गेलं. मागे भरलेला हायवा होता. गाडी वीतभर मागे सरकली, मी ब्रेक दाबला, पण दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक झालं. इंजिन बंद असलं की ब्रेकच्या बूस्टरमधला साठा तेवढ्यात संपतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हँडब्रेक ओढला आणि मागे वळून आईकडे पाहिलं. सुया काढलेल्या हातावर दुसरा हात दाबून ती मागच्या सीटवर पडली होती. ‘पोचू गं आपण,’ असं ती मला म्हणाली.

हायवाचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याने आधी चाकामागे दगड लावला, मग बॉनेट उघडायला सांगितलं. बॅटरीच्या दोन्ही तारा त्याने हाताने जोरात हलवल्या आणि म्हणाला, ‘आता मारा सेल.’ गाडी सुरू झाली. मी घाट चढले तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रांग थांबली तरी न्यूट्रल न करता, क्लच दाबून धरून, जेणेकरून इंजिन पुन्हा बंद पडू नये.

या गुरुवारच्या आधी तीन महिने मी आपल्या सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या चढत होते. ऑगस्टमध्ये स्टार्ट-स्टॉपने काम करणंच सोडलं होतं. सिग्नलला कितीही वेळ उभं राहिलं तरी इंजिन चालूच, आणि डॅशबोर्डवर ते रेघ मारलेलं चिन्ह. सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाले, ‘मॅडम, ते नॉर्मल असतं. एसी जास्त असला की होतं.’ दुसऱ्या वेळी म्हणाले, ‘लाँग ड्राइव्ह मारत जा.’ मी आठवड्यातून तीन दिवस घाट उतरते आणि चढते, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, हे त्यांना सांगितलं. तिसऱ्या वेळी एका सकाळी गाडी सुरूच झाली नाही, तेव्हा बॅटरी बदलली. कोणतीही तपासणी मला दाखवली नाही. बिल सात हजारांच्या वर. दुसऱ्या दिवसापासून स्टार्ट-स्टॉप पुन्हा काम करायला लागलं आणि मला वाटलं, दुखणं संपलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी वडकीचा तो गुरुवार आला.

त्या प्रसंगानंतर गाडी दोनदा आत ठेवली. एकदा दोन दिवस, एकदा तीन. त्या दिवसांत आईला न्यायला भाड्याची गाडी केली, तो खर्च वेगळा. पहिल्या वेळी गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. ‘काही जुने कोड होते, काढून टाकले, आता क्लीन आहे.’ कोणते कोड, असं विचारलं तर नोंद नाही. दुसऱ्या वेळी एक तरुण मेकॅनिक दहा वेळा गाडी बंद-चालू करून म्हणाला, ‘बघा, होतेय की. तुमच्याकडून क्लच पूर्ण दाबला जात नसेल.’ मी बावीस वर्षं गाडी चालवते. क्लच दाबला गेला नाही म्हणून घड्याळ बारावर जात नाही आणि दिवे पिवळे पडत नाहीत. हे मी त्यांना सांगितलं. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, तरी तेच आलं : चेक केले, ओके.

शेवटी सासवडच्या एका जुन्या वायरमनकाकांकडे गेले. त्यांनी पुढच्या पाऊण तासात काय केलं ते मी सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी तक्रार त्यात आहे.

त्यांनी स्कॅनर लावलाच नाही. आधी मला विचारलं, ‘दिवे एकदम लागले की एकेक करून? हेडलाइट मंद झाले होते का? घड्याळ पुसलं गेलं का?’ मग हायवाच्या ड्रायव्हरने नेमकं काय हलवलं ते विचारलं. इतक्या महिन्यांत हे प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारले. मग मल्टिमीटर काढला. बॅटरीच्या दोन टोकांना लावला : १२.६. ‘बॅटरी भरलेली आहे.’ मला सेल मारायला सांगितला : सेल्फ फिरताना ११ च्या जवळ. ‘बॅटरी चांगलीच आहे.’ मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर धरली आणि दुसरी गाडीच्या बॉडीवर, रंग नसलेल्या बोल्टवर. ‘मारा सेल.’ गाडी सुरू झाली, पण आळसावल्यासारखी, आणि मीटरवर १.५ दिसलं.

‘इथं शून्याच्या जवळ पाहिजे,’ काका म्हणाले. ‘दीड व्होल्ट वाटेतच खाल्ला जातोय.’

नंतर त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट बॉडीपर्यंत जाड जंपर केबल लावली. सेल मारताच गाडी पहिल्या फटक्यात उठली. मग बॅटरी उचलली, खालचा ट्रे दोन बोल्ट काढून बाजूला केला. निगेटिव्हची तार बॉडीला जिथे आवळलेली असते त्या लगवर (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) पांढरट-हिरवी भुकटी बसलेली होती, आणि तारेच्या निम्म्याहून अधिक काड्या लगच्या तोंडाशी तुटलेल्या होत्या. उरलेल्या इंजिनच्या थरथरीने कधी टेकत होत्या, कधी सुटत होत्या. वरच्या टोकाला नवी बॅटरी बसवताना आपल्या माणसांनी टर्मिनल घट्ट आवळलं होतं. त्याच तारेचं दुसरं टोक ट्रेखाली होतं, तिथे कुणाचा हात गेला नाही.

नववीला मी धाराविद्युत शिकवते. घरी येऊन आकडेमोड केली. सेल्फ फिरताना १५० अँपिअर धारा धरली, तर दीड व्होल्ट गमवायला रोध लागतो फक्त ०.०१ ओहम. एवढासा रोध साध्या मीटरवर दिसत नाही, तार अखंड आहे का पाहणारी ‘बीप’ चाचणी केली तरी तार ठणठणीत निघते, आणि स्कॅनरला तर तो जागेवर सापडायचा प्रश्नच नाही. तो दिसतो फक्त भार देऊन व्होल्टेज मोजलं तर. त्याला लागतो एक मीटर, सेल मारायला एक माणूस आणि दोन मिनिटं. दिवे एकदम का पेटतात तेही यातूनच कळतं : गाडीतल्या प्रत्येक ईसीयूची, म्हणजे एकेक यंत्रणा सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाची, परतीची वाट त्याच बॉडीतून आणि त्याच तारेतून जाते. व्होल्टेज कोसळलं की एबीएसचा ईसीयू, एअरबॅगचा, स्टिअरिंगचा, सगळे एकाच क्षणी कुरकुरतात. सहा दिवे लागले म्हणजे सहा बिघाड झाले असं नसतं. ‘व्होल्टेज कमी’ सांगणारा पी ०५६२ आणि ‘इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटला’ सांगणारा यू ०१०० अशासारखे कोड असे एका मुळापासून सोबत उगवतात. ते न वाचता पुसणं म्हणजे रुग्णाचा रिपोर्ट फाडून टाकणं.

आता या सगळ्यातली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसवलेला सेन्सर बॅटरीची धारा, व्होल्टेज आणि तापमान मोजतो. तो फक्त बॅटरीबद्दल बोलतो, पुढच्या तारेबद्दल नाही. जुनी बॅटरी उतरलेली होती तोवर गाडी स्वतःच शहाणपणाने इंजिन बंद करत नव्हती. ते रेघ मारलेलं चिन्ह तेच सांगत होतं. नवी बॅटरी आली, सेन्सरने ‘भरलेली आहे’ असं कळवलं, आणि गाडी पुन्हा प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करू लागली, अशा तारेच्या भरवशावर जी ते इंजिन पुन्हा उठवू शकत नव्हती. म्हणजे मूळ कारण न शोधता केलेल्या दुरुस्तीने माझी गाडी आधीपेक्षा धोकादायक झाली आणि घाटाच्या तोंडाशी मला उभं केलं.

आणि जुनी बॅटरी उतरत का होती? तेही काकांनीच शोधलं. गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्धा तास थांबले. सगळे ईसीयू झोपेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर आकडा खोटा येतो, असं म्हणाले. मग धारा मोजली : ३२० मिलिअँपिअर. बंद गाडीने साधारण ५० च्या आत राहायला हवं. एकेक फ्यूज काढत गेले आणि एका फ्यूजशी थांबले. डॅशकॅमची तार त्या फ्यूजच्या पायाला गुंडाळून वरून फ्यूज दाबून बसवला होता. ती कायम चालू राहणारी लाइन होती. ३२० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-तासांहून जास्त. चार दिवस गाडी दारात उभी राहिली की ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले तीस गेले. हा डॅशकॅम मी रस्त्यावरून घेतलेला नाही. गाडी घेताना शोरूमच्याच ॲक्सेसरी काउंटरवर घेतला, तिथल्याच मुलाने बसवला, बिल माझ्याकडे आहे.

नवी अर्थ केबल (निगेटिव्हपासून बॉडीपर्यंतची तीच तार), लग साफ करून ग्रीस, डॅशकॅमची लाइन किल्लीवरच्या फ्यूजला. मजुरीसकट साडेसहाशे रुपये. पुन्हा मोजलं तेव्हा दीड व्होल्टच्या जागी ०.१२ आलं. तेव्हापासून गाडी एकदाही अडली नाही.

आपल्याकडे माझ्या तक्रारी अशा :

एक. माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली जात नाही. मी सांगितलं, ‘चढावर स्टार्ट-स्टॉपने इंजिन बंद झालं, सुरू झालं नाही, सगळे दिवे लागले, घड्याळ १२:०० वर गेलं, तारा हलवल्यावर सुरू झाली.’ जॉब कार्डवर आलं, ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम, चेक.’ त्या एका शब्दात निदानाला लागणारी प्रत्येक खूण हरवली. यामागे केवळ आळस असता तर मी पत्र लिहिलं नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याची, तरतूद आहे, आणि ती एकाच प्रकारच्या गाड्यांबद्दल आलेल्या तक्रारींच्या संख्येवर चालते. ‘ओके’ झालेली तक्रार कुठे मोजली जाणार? अमेरिकेत २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेने सुमारे १ लाख ९५ हजार होंडा पायलट गाड्यांची चौकशी सुरू केली, ती नेमकी याच तक्रारीवर : स्टार्ट-स्टॉपने बंद केलेलं इंजिन सिग्नलला पुन्हा सुरू होत नाही. लोकांच्या तक्रारी त्यांच्या शब्दांत नोंदल्या गेल्या होत्या म्हणून ती चौकशी उभी राहिली. आपल्या जॉब कार्डांवरून भारतात अशी चौकशी कधी उभी राहू शकेल का, याचं उत्तर मला आपल्याकडून हवं आहे.

दोन. मोजण्याआधी भाग बदलले जातात. बॅटरी हा पहिला बळी, पुढे अल्टरनेटर, त्यापुढे सेल्फ. माझ्या बॅटरीच्या बिलावर तर प्रकारही लिहिलेला नाही. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते, कारण साध्या बॅटरीला दिवसातून पन्नास वेळा सेल मारण्याचा ताण सोसत नाही. काकांनी माझ्या नव्या बॅटरीचं लेबल दाखवलं, ती साधी निघाली. किंमत मी कमी दिली नव्हती.

तीन. आपल्याच छताखाली बसवलेल्या ॲक्सेसरीची जबाबदारी कुणी घेत नाही. डॅशकॅमचं मी परत जाऊन सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘ते ॲक्सेसरीवाल्यांचं आहे, आमचं नाही, आणि वायरिंगला हात लागला असेल तर वॉरंटीचा प्रश्न येतो.’ ज्यांच्या काउंटरवर पैसे भरले त्यांनीच वायरिंगला हात लावला होता.

चार. वायरिंगचा नकाशा आणि निदानाची साधनं आपण बाहेरच्या कारागिरांना देत नाही. काकांना माझ्या गाडीच्या फ्यूज बॉक्सचा तक्ताही मिळत नव्हता. त्यांनी तीस वर्षांच्या अनुभवावर काम काढलं, पण उद्या बिघाड दोन ईसीयूंमधल्या तारांत असेल तर नुसता अनुभव पुरणार नाही. हा प्रश्न या देशात नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला, ते कोर्ट बघेल. पण डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारी हे एक क्षेत्र आहे. इतकं होऊनही सासवडच्या कारागिराला फ्यूजचा तक्ता मिळू नये, हे मला पटत नाही.

पाच. स्टार्ट-स्टॉप बंद करण्याचं बटण किल्ली बंद केली की विसरतं. दर वेळी गाडी सुरू केल्यावर ते पुन्हा दाबावं लागतं. त्या गुरुवारनंतर दुरुस्ती होईपर्यंतच्या पाच आठवड्यांत मी ते एकदा विसरले, आणि मंतरवाडी फाट्यावर पुन्हा तीच ‘टक्’ ऐकली.

मी या यंत्रणेच्या विरुद्ध नाही, हे मुद्दाम लिहिते. गाडीतळाच्या चौकात उभ्या गाड्यांचा धूर आईच्या छातीत जातो, तो मी रोज पाहते. उभी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर इंधन विनाकारण जाळते, ते वाचलंच पाहिजे. पण २०१७ पासून लागू झालेल्या, कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा घालणाऱ्या ‘कॅफे’ नियमांत कंपनीच्या सरासरी कार्बन-हिशेबाला स्टार्ट-स्टॉपची सवलत मिळते, म्हणजे या यंत्रणेचा लाभ आपल्याही खात्यावर जमा होतो. तिच्यासाठी लागणाऱ्या महागड्या बॅटरीचा आणि ती अडल्यावर होणाऱ्या हालांचा बोजा मात्र एकट्या गाडीमालकावर का?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

गाडी आत घेताना तक्रार मालकाच्या शब्दांत, तो मराठीत सांगत असेल तर मराठीत, जॉब कार्डवर लिहा आणि त्याला वाचून दाखवा. बिघाड सापडला नाही तर ‘ओके’ लिहू नका. ‘बिघाड दिसला नाही, अमुक चाचण्या केल्या, अमुक आकडे आले’ असं लिहा. स्कॅनरवर आलेले कोड पुसण्यापूर्वी त्यांची छापील प्रत द्या, आणि कोडसोबत गाडीने त्या क्षणाचे वेग, तापमान, व्होल्टेज साठवले असतील तर तेही द्या.

गाडी सुरू न होण्याची किंवा दिवे एकदम पेटण्याची तक्रार असेल तर कोणताही भाग बदलण्यापूर्वी चार मोजमापं सक्तीची करा : उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज, सेल मारतानाचं व्होल्टेज, सेल मारताना पॉझिटिव्ह आणि अर्थ दोन्ही बाजूंना होणारी घट, आणि गाडी झोपल्यावर वाहणारी धारा. सासवडच्या काकांना मिळून पाऊण तास लागला. आपल्याकडे साधनं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

बॅटरीच्या बिलावर प्रकार लिहा. ज्या गाडीत नव्या बॅटरीची नोंद ईसीयूला द्यावी लागते तिथे ती दिल्याचंही लिहा. ज्यांना माझ्यासारखी चुकीच्या प्रकारची बॅटरी बसवली गेली आहे त्यांना ती विनामूल्य बदलून द्या.

शोरूममध्ये विकलेली आणि बसवलेली प्रत्येक वस्तू वॉरंटीच्या दृष्टीने आपलीच माना. बसवणाऱ्याने कोणत्या फ्यूजवरून लाइन घेतली हे बिलावर लिहावं, आणि फ्यूजच्या पायाला तार गुंडाळणं बंद व्हावं.

वायरिंगचे नकाशे, फ्यूजचे तक्ते आणि कोडची माहिती वाजवी शुल्कात कोणत्याही कारागिराला विकत मिळू द्या.

बटण चालकाने ठेवलं तसं राहू द्या. तेवढं जमणार नसेल तर किमान विद्युत तक्रारीसाठी आत आलेल्या गाडीवर, निदान पूर्ण होईपर्यंत, ही यंत्रणा कायम बंद ठेवण्याची सोय सर्व्हिस सेंटरला द्या. आणि गाडी ताब्यात देताना हार घालून फोटो काढतो त्यातली पाच मिनिटं काढून मालकाला हे सांगा की इंजिन थंड असलं, एसीवर जोर असला, सीटबेल्ट सुटला, बॉनेटचा स्विच उघडा राहिला तर स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, ते ठीक आहे. पण यांतलं काहीच नसताना ते आठवडाभर बंद राहिलं तर गाडी बॅटरीबद्दल काही सांगते आहे, आणि तेव्हा ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर घेऊन परत जाऊ नका.

मंत्रालयाला एवढीच विनंती : बिघाड सापडला नाही म्हणून परत पाठवलेल्या गाड्यांची, विशेषतः रस्त्यात इंजिन बंद पडल्याच्या तक्रारी असलेल्या गाड्यांची, मॉडेलनिहाय संख्या कंपन्यांकडून दर तिमाहीला मागवा आणि रिकॉलच्या पोर्टलवर ठेवा.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलांवर माझा राग नाही. दिवसाला किती गाड्या काढायच्या हे त्यांना वरून ठरवून दिलेलं असतं, अर्धा तास थांबून धारा मोजायला त्यांना वेळ कोण देतं? तो वेळ देणं आपल्या हातात आहे, म्हणून पत्र आपल्याला आहे.

तुटक्या काड्यांची ती अर्थ केबल, दोन्ही जॉब कार्डं, बॅटरीचं आणि डॅशकॅमचं बिल मी एका पिशवीत जपून ठेवलं आहे. माझ्या गाडीची पुढची सर्व्हिसिंग जूनमध्ये आहे, तेव्हा ती पिशवी सोबत घेऊन येईन आणि काउंटरवर ठेवीन. तोवर आपल्यापैकी एकाही कंपनीने जॉब कार्डचा नमुना बदलल्याचं कळवलं, तर त्याची प्रत मी आमच्या शाळेच्या आणि डायलिसिस विभागाच्या फलकावर, तिथल्या परवानगीने, स्वतः लावीन.

आपली,
एक गाडीमालक आणि शिक्षिका
सासवड, ता. पुरंदर, जि. पुणे